अंतिम आवृत्ती आरसीपेक्षा जुनी ठरते! व्हर्जन क्रमांकाच्या चुका आपोआप पकडायच्या कशा?

प्रश्न: नवी_पाइपलाइन

नमस्कार मंडळी. आमच्या टीमचं एक कमांड लाइन टूल आहे. त्याची डेब (डेबियन लिनक्ससाठी) आणि आरपीएम (फेडोरा, रेड हॅटसाठी) अशी दोन्ही पॅकेजेस आमच्याच रेपोतून, म्हणजे पॅकेजच्या साठ्यातून, जातात. या वेळी झालं असं की चाचणी करणाऱ्यांना १.४.०आरसी१-१ (आरसी म्हणजे रिलीज कॅन्डिडेट, अंतिम होण्याआधीची चाचणीची आवृत्ती) दिलं, सगळं ठीक निघालं, म्हणून १.४.०-१ रेपोत टाकलं. ज्यांच्याकडे आरसी बसलेलं होतं त्यांच्या मशीनवर एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन, म्हणतं, सर्वांत नवं पॅकेज आधीच बसलेलं आहे. म्हणजे त्याच्या हिशेबात १.४.०आरसी१ हे १.४.० च्या वरचं! ज्यांनी आमच्यासाठी वेळ काढून चाचणी केली, नेमके तेच आरसीवर अडकले. मला याचं फार वाईट वाटतंय.

सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये, यासाठी काही नाही असं नाही. एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा) आहे: आकडे, टिंबं, शेवटी आरसी असेल तर चालेल, मग डॅश आणि पॅकेजिंगचा आकडा. १.४.०आरसी१-१ त्यातून पास होतं आणि १.४.०-१ सुद्धा.

तर विचारायचं हे की अशा चुका पकडणारं तयार साधन आहे का? तपासणी गिटमध्ये टॅग (आवृत्तीची खूण) टाकताना लावावी, की पॅकेज तयार झाल्यावर, की रेपोत टाकण्याच्या अगदी आधी? आणि अडकलेल्यांना बाहेर कसं काढू? टीममध्ये एक जण म्हणतोय की इपॉक (क्रमांकाच्या आधी कोलन देऊन लावायचा वेगळा आकडा) लावून मोकळे होऊ. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्याला समजावून सांगता येत नाही.

उत्तर: आरपीएमकर

आरसीच्या आधी टिल्ड (~) लावा. १.४.०~आरसी१ हे १.४.० च्या खाली जातं, डेबमध्येही आणि आरपीएममध्येही. आरपीएमला टिल्ड ४.१० पासून, म्हणजे २०१२ पासून कळतं. त्याआधी आम्ही व्हर्जन १.४.० च ठेवून रिलीजच्या, म्हणजे डॅशनंतरच्या, जागी ०.१.आरसी१ लिहायचो आणि अंतिम पॅकेजचं रिलीज १ पासून सुरू करायचो. जुन्या स्पेक फायलींत (आरपीएम बनवण्याच्या कृतीच्या फायलींत) अजून ते दिसतं, तिथे गोंधळू नका.

उत्तर: डेबवाली

टिल्डचं आरपीएमकरांनी सांगितलं ते बरोबर. पण ही एकच चूक बंद केली तर पुढची दुसऱ्या दारानं येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची तपासणी क्रमांक दिसायला कसा आहे ते बघते. पॅकेज मॅनेजरला दिसण्याशी काही देणंघेणं नसतं, तो फक्त दोन क्रमांकांत वरचा कोणता ते ठरवतो. त्यामुळे तपासायचं ते एवढंच, की हा नवा क्रमांक आजवर लोकांच्या मशीनवर गेलेल्या प्रत्येक क्रमांकाच्या वर आहे का? एकटा क्रमांक घेऊन कितीही कडक रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं तरी याचं उत्तर मिळणार नाही, कारण उत्तर त्या क्रमांकात नाहीच. ते रेपोत आहे.

चूक येते कुठून तेही बघा. तुमच्या डेव्हलपर मंडळींनी जे लिहिलं ते त्यांच्या नियमांनी बरोबरच असणार. पायथनच्या पेप ४४० या क्रमांकांच्या नियमांनुसार १.४.०आरसी१ हे १.४.० च्या आधीचं. सेमव्हर (सिमँटिक व्हर्जनिंग ही प्रचलित क्रमांकपद्धत) मध्ये १.४.०-आरसी.१ हेही १.४.० च्या आधीचं. डेबियनच्या नियमात मात्र आकडा संपल्यावर अक्षर आलं की तो क्रमांक वर जातो, आणि शेवटच्या डॅशनंतरचं सगळं पॅकेजिंगची आवृत्ती समजलं जातं. त्यामुळे सेमव्हरचं १.४.०-आरसी१ जसंच्या तसं डेबमध्ये आणलं, तर ते १.४.० ची ‘आरसी१’ नावाची पॅकेजिंग आवृत्ती बनतं आणि १.४.०-१ च्या डोक्यावर जाऊन बसतं. खुद्द सेमव्हरमध्येही एक खड्डा आहे. आरसी९ आणि आरसी१० असे टिंबाशिवाय लिहिलेत तर तुलना अक्षरांप्रमाणे होते आणि आरसी१० खाली जातं. आरसी.९ आणि आरसी.१० असं टिंब देऊन लिहिलंत तरच आकड्यांप्रमाणे होते. डेबियनमध्ये दोन्ही प्रकारे आरसी१० च वर. म्हणून टॅगवरून डेबचा आणि आरपीएमचा क्रमांक बनवणं हे भाषांतराचं वेगळं पाऊल धरा, नुसतं कॉपी करणं नव्हे.

आता तुलना. ती स्वतः लिहू नका. अगदी वीस ओळींत जमेल असं वाटलं तरी नको. डेबसाठी डीपीकेजी या डेबियनच्या मूळ पॅकेज साधनाचाच कम्पेअर-व्हर्जन्स पर्याय वापरा, आरपीएमसाठी आरपीएमडेव्हटूल्समधलं आरपीएमडेव्ह-व्हरसीएमपी. दोन्हीकडे नियम वेगळे आहेत आणि ते निकालात दिसतात. १.०.ए आणि १.०.१ घ्या. डेबियन म्हणतं १.०.ए वरचं, आरपीएम म्हणतं १.०.१ वरचं, कारण आरपीएमच्या हिशेबात आकड्यांचा तुकडा अक्षरांच्या तुकड्याहून नेहमी नवा. एकच फंक्शन लिहून दोन्हीकडे चालवलंत तर कुठेतरी खोटं उत्तर मिळणारच.

ही साधनं वापरतानाही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि माझ्या मते त्यांच्याकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं.

डीपीकेजीला तुलनेचं चिन्ह देताना जीटी (पेक्षा मोठं), एलटी (पेक्षा लहान) अशी अक्षरंच द्या. मोठं-लहान दाखवणारी एकेरी चिन्हं तिथे फक्त जुन्या सवयीसाठी ठेवलेली आहेत आणि त्यांचा अर्थ ‘पेक्षा मोठं किंवा समान’, ‘पेक्षा लहान किंवा समान’ असा निघतो. म्हणजे तोच क्रमांक पुन्हा चढवायला निघालात तरी तपासणी हिरवी. शिवाय शेलमध्ये अवतरणाशिवाय ‘पेक्षा मोठं’ हे चिन्ह लिहिलं तर आउटपुट एका फायलीत जाईल आणि तुलना राहून जाईल.

दुसरं याहून वाईट. जीटी वापरताना जुना क्रमांक रिकामा असेल, तर डीपीकेजी रिकाम्याला सगळ्यांच्या खालचं मानतं. रेपोतून आधीचा क्रमांक आणणारी कमांड नेटवर्क अडखळल्यामुळे काहीच न देता परत आली, की तुमचा नवा क्रमांक आपोआप ‘वरचा’ ठरतो. तपासणी पास, आणि तपासलं मात्र काहीच नाही! यासाठी जीटी-एनएल हा वेगळा ऑपरेटर आहे, त्यात रिकामं सगळ्यांच्या वरचं धरतात. तो वापरा, किंवा रिकामं आलं की तिथेच पाइपलाइन थांबवा. पॅकेज खरंच पहिल्यांदा जात असेल तर ते हाताने कळवायला लावा. तेवढा त्रास परवडतो.

आरपीएमडेव्ह-व्हरसीएमपी समान असेल तर ० देतं, पहिला नवा असेल तर ११ आणि दुसरा नवा असेल तर १२. शून्य सोडून काहीही आलं की स्क्रिप्ट थांबेल अशी मांडणी असेल, तर बरोबर क्रमांकही अडेल. मग कुणीतरी वैतागून ओळीच्या शेवटी ‘काहीही झालं तरी पास’ असं लिहून ठेवतो. अशी ओळ तुमच्या रेपोत आहे का, ते आजच बघा.

आणि ‘आधीचा क्रमांक’ गिटच्या टॅगवरून घेऊ नका. टॅग पुसता येतो, हलवता येतो, कधी टॅग पडतो पण पॅकेज जातच नाही. रेपोची पॅकेजेस इंडेक्स फाइल वाचा, तीही स्टेबल आणि टेस्टिंग अशा प्रत्येक शाखेची. डेबियनचं स्वतःचं अर्काइव्ह नेमकं हेच करतं. त्या शाखेत असलेल्यापेक्षा वरचा नसलेला क्रमांक तिथे नाकारला जातो.

तयार साधनाबद्दल विचारलंत. डेबसाठी लिंटियन हे पॅकेजमधल्या चुका शोधणारं साधन आहे, आणि तुमची चूक पकडणारा टॅग (इथे टॅग म्हणजे इशारा) त्यात आहे: ‘आरसी-व्हर्जन-ग्रेटर-दॅन-एक्स्पेक्टेड-व्हर्जन’. पूर्वप्रकाशनासारखा दिसणारा क्रमांक अपेक्षित अंतिम क्रमांकाच्या वर जात असेल तर तो टोकतो. इपॉक बदलला पण मूळ आवृत्ती मागे गेलेली नाही, यावरही त्यात एक तपासणी आहे. पण लिंटियन फक्त पॅकेजच्या आतलं बघतं, तुमच्या रेपोत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. म्हणून लिंटियन पॅकेज तयार झाल्या झाल्या, आणि रेपोशी तुलना चढवण्याच्या अगदी आधी. दोन्ही लावा.

उत्तर: नवी_पाइपलाइन

ताई, फार उपयोग झाला. रिकाम्या क्रमांकाचं तर डोक्यातच आलं नसतं. इपॉकबद्दल आणि अडकलेल्यांबद्दल सांगाल का? शिवाय अजून एक: आम्ही प्रत्येक डेबियनसाठी वेगळं बिल्ड करतो आणि शेवटी ~बुल्सआय, ~बुकवर्म असं रिलीजचं नाव जोडतो. त्यात तर काही बिघडत नाही ना?

उत्तर: डेबवाली

बिघडतं. आधी तेच घेऊ, कारण ते तुमच्या आरसीपेक्षा मोठं आहे.

डेबियन १० म्हणजे बस्टर, ११ बुल्सआय, १२ बुकवर्म. इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांसमोर आणा आणि अक्षरांच्या क्रमाने लावा. बस्टर आणि बुल्सआयमध्ये पहिली दोन अक्षरं सारखी, तिसऱ्या ठिकाणी एस आणि एल, म्हणजे बस्टर वर. बुल्सआय आणि बुकवर्ममध्ये दुसऱ्याच ठिकाणी यू आणि ओ, म्हणजे बुल्सआय वर. क्रम बरोबर उलटा झाला: १० सगळ्यांत वर, १२ सगळ्यांत खाली.

आता एखाद्याच्या डेबियन ११ वर १.४.१-१~बुल्सआय बसलेलं आहे. त्याने मशीन १२ वर नेलं. नव्या रेपोत १.४.१-१~बुकवर्म आहे, पण एपीटीच्या लेखी ते खालचं, म्हणून ते जुन्यालाच चिकटून राहतं. ते जुनं बिल्ड ११ च्या लायब्ररींवर बांधलेलं. तुमचं टूल ओपनएसएसएल वापरत असेल तर ११ मध्ये १.१ होतं, १२ मध्ये ३.० आहे. वापरणारा बिचारा अपग्रेडलाच दोष देत बसतो. १२ वरून १३ ला जाताना मात्र काही होत नाही, कारण ट्रिक्सी टी वरून आहे आणि टी बी च्या पुढे. त्यामुळे हा दोष कधी दिसतो, कधी लपतो.

नावाऐवजी आकडा जोडा: ~डेब११, ~डेब१२. बदल कधीही करता येईल, डी हे बी च्या पुढेच आहे. फक्त ~ट्रिक्सी लावलेलं काही बाहेर गेलं असेल तर त्याच क्रमांकाचं ~डेब१३ त्याच्या खाली जाईल. तिथे पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबा. आणि तपासणीत हेही घाला: ११ साठी जे निघालं ते १२ साठी निघालेल्याच्या खाली हवं, १२ चं १३ च्या खाली. एकाच शाखेत वर चढणं पुरेसं नाही, शाखांमधूनही चढता आलं पाहिजे. डेबियन स्वतः सुरक्षा अपडेटला +डेब१२यू१ असं लिहितं, ते यासाठीच.

आता इपॉक. कोलनच्या आधीचा तो आकडा एकदा लागला की कायमचा. पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तो वागवावा लागतो, आणि बाहेर दिसतो कमी, चावतो जास्त. डेबच्या फाइलनावात इपॉक येत नाही. त्यामुळे १:१.४.०-१ आणि साधं १.४.०-१ यांची फाइल एकाच नावाची होते, आतला मजकूर वेगळा. तुमच्या रेपोपुढे कॅशे असेल तर कुणाला कोणती मिळेल याचा भरवसा नाही. अवलंबित्वाचंही तसंच. दुसऱ्या कुणी ‘आवृत्ती २.० किंवा वरची हवी’ असं लिहून ठेवलं असेल, तर इपॉक असलेलं १:१.४ सुद्धा त्यात बसतं, कारण इपॉक आधी बघितला जातो. डेबियनमध्ये इपॉक वाढवण्याआधी डेव्हलपरांच्या यादीवर विचारून घेण्याची पद्धत उगाच नाही. मूळ प्रकल्पाने क्रमांकांची पद्धतच बदलली, समजा २०२४०३०७ अशा तारखेवरून १.० वर आला, तर इपॉकला पर्याय उरत नाही. एका आरसीसाठी तो लावू नका. तारखेच्या क्रमांकाने सुरुवात करायचीच असेल तर पहिल्या दिवसापासून ०~२०२४०३०७ लिहा, मग १.० केव्हाही आलं तरी वरच राहतं.

तुमच्या अडकलेल्यांसाठी १.४.१ काढा, बस. मजकुरात बदल नसला तरी चालेल, बदलांच्या नोंदीत कारण लिहा. १.४.१ हे दोन्ही पद्धतींत १.४.०आरसी१ च्या वर आहे. क्रमांक वाया गेला म्हणून हळहळू नका, क्रमांक संपत नसतात. मात्र रेपोतलं १.४.०-१ काढून त्याच क्रमांकाने दुसरं पॅकेज ठेवायचं, हे कधीच करू नका. एकाच क्रमांकाच्या दोन वेगळ्या फायली जगात फिरू लागल्या की तक्रार कोणत्या फायलीची आहे हे कुणालाच सांगता येत नाही. एनपीएम, पायपीआय, क्रेट्स या सार्वजनिक पॅकेज साठ्यांनी ते दार मुळातच बंद केलंय. पॅकेज काढलं तरी तो क्रमांक पुन्हा मिळत नाही. स्वतःच्या रेपोत हा नियम आपणच पाळावा लागतो, कुणी अडवायला नसतं.

उत्तर: लायब्ररीपासून_सावध

एक भर घालतो. वर सगळी चर्चा क्रमाची झाली. पॅकेजवरचा क्रमांक आणि आतला प्रोग्रॅम सांगतो तो क्रमांक जुळतात का, तेही तपासा. बऱ्याच प्रकल्पांत तो तीन-चार ठिकाणी लिहिलेला असतो: टॅग, मॅनिफेस्ट फाइल, बदलांची नोंद, सोर्समधला एखादा स्थिरांक. पॅकेज कोऱ्या कंटेनरमध्ये (वेगळ्या, स्वच्छ सिस्टीममध्ये) बसवा, टूलला त्याची आवृत्ती विचारा आणि पॅकेजच्या मूळ भागाशी ताडून बघा. डॅशच्या पुढचं सोडून द्या, टिल्डचं रूपांतर लक्षात ठेवा. आणि लायब्ररी असेल तर क्रमांक आतल्या बदलाशी प्रामाणिक आहे का ते वेगळंच. सी साठी लिबॲबिगेलचं एबीआयडिफ, रस्टसाठी कार्गो-सेमव्हर-चेक्स आधीच्या आवृत्तीशी तुलना करून सांगतात की काय मोडलं.

उत्तर: आरपीएमकर

कंटेनरचं निघालंच आहे तर: त्यात आधी रेपोतलं जुनं पॅकेज बसवा आणि मग नव्यावर अपग्रेड करून बघा, थेट नवं बसवू नका. थेट बसवलं की क्रमाची चूक दिसतच नाही, कारण तुलना करायला समोर काही नसतं. आमच्याकडे आरपीएममध्ये शेवटी एफसी४० (फेडोरा ४०), ईएल९ (एंटरप्राइझ लिनक्स ९) असे आकडेच लागतात, त्यामुळे नावांचा तो घोळ होत नाही. ईएल१० आलं तेव्हाही ते ईएल९ च्या वर नीट गेलं, आकडे आकड्यांसारखे मोजले जातात.

उत्तर: नवी_पाइपलाइन

१.४.१ काढलं, अडकलेले सगळे सुटले. इपॉकचा विषय फाइलनावाचं सांगितल्यावर टीममध्येच मिटला. एक शेवटची अडचण: टॅग १.४.२~आरसी१ असा टाकायला गेलो तर गिट घेतच नाही.

उत्तर: डेबवाली

घेणार नाही. गिटमध्ये टिल्डला स्वतःचा अर्थ आहे, मागची कमिट दाखवायला ते वापरतात, आणि कोलनही नावात चालत नाही. डेबियनच्या डेप-१४ या प्रस्तावात यावर ठरलेली रीत आहे: टॅगमध्ये टिल्डच्या जागी अंडरस्कोअर, कोलनच्या जागी टक्क्याचं चिन्ह. मूळ प्रकल्पाचा टॅग मात्र डेव्हलपरांना सेमव्हरच्या पद्धतीनेच टाकू द्या, १.४.२-आरसी.१. रूपांतर तुमच्या स्क्रिप्टने करायचं.

त्या स्क्रिप्टसाठी एक छोटी फाइल ठेवा. प्रत्येक ओळीत दोन टॅग, डावा जुना, उजवा नवा. १.४.२-आरसी.९ आणि १.४.२-आरसी.१०. १.४.२-आरसी.१० आणि १.४.२. १.९.० आणि १.१०.०. प्रत्येक जोडीचं डेब आणि आरपीएममध्ये रूपांतर करून दोन्ही साधनांना विचारायचं की डावा खालीच आहे ना. सेकंदभराचं काम आहे, प्रत्येक बदलाला चालवता येतं. १.४.०-आरसी१ आणि १.४.० ही जोडी त्यात सगळ्यांत आधी टाका.